एनएफएल सॅलरी कॅप: ८५ मिलियन डेड मनी डोक्यावर असताना ब्रॉन्कोज प्लेऑफला पोचले कसे?

माइलहाय_ओंकार

मंडळी, एक गोष्ट काही केल्या पटत नाहीये म्हणून सरळ इथेच विचारतो. मार्च २०२४ मध्ये ब्रॉन्कोजनी (डेनव्हरची टीम) क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं तेव्हा सगळीकडे एकच बोंब होती की ८५ मिलियन डॉलरचा डेड मनी (सोडलेल्या प्लेयरचा जो खर्च तरीही कॅपवर, म्हणजे टीमच्या वर्षाच्या पगाराच्या मर्यादेत, धरला जातो), लीगच्या इतिहासात एवढा कधी कोणी घेतला नाही, आता ही टीम दोन-तीन वर्षं काही उठत नाही. त्यातले ५३ मिलियन २०२४ च्या कॅपवर आणि ३२ मिलियन २०२५ च्या. २०२४ ची कॅप होती २५५.४ मिलियन, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा अशा माणसावर गेला जो त्या सीझनला पिट्सबर्गकडून खेळत होता. आणि झालं काय, तर टीम १०-७ करून प्लेऑफमध्ये, तेही २०१५ च्या सीझननंतर पहिल्यांदा!

माझा एक मित्र म्हणतो कॅपबिप काही नसतं, सगळा कागदावरचा खेळ आहे, जीएमला (टीम बांधणाऱ्या जनरल मॅनेजरला) पाहिजे तेव्हा जागा निघते. पण मग न्यू ऑर्लिन्सचे सेंट्स बघा, दर मार्चला कॅपच्या वर असतात, दरवर्षी कसंबसं आकडे बसवतात, आणि २०२० च्या सीझननंतर प्लेऑफ नाही. नियम तोच, मग एकाला सगळं माफ आणि दुसऱ्याची कोंडी, असं का? रिस्ट्रक्चर, व्हॉइड इयर, जून १ कट हे शब्द कानावर असतात पण आकडे घालून कोणी नीट सांगेल का? आणि कॅप खरी की खोटी ते पण एकदा होऊन जाऊ दे.

गॅप_स्पेस

ओंकार, कॅप खरी आहे. पण प्लेयरच्या हातात चेक कधी पडला याच्याशी तिला देणंघेणं नाही, तो खर्च कुठल्या वर्षाच्या खात्यात धरायचा एवढंच ती बघते. सगळ्या करामती ह्या फटीतून होतात.

आकडे घेऊन बघू. समजा एक कॉर्नरबॅक आहे, चार वर्षं, ६२ मिलियन. त्यातले २० मिलियन साइनिंग बोनस, सही केली की पैसे त्याचे. बेस सॅलरी पहिल्या वर्षी १.८, मग १०.२, मग १४, मग १६. आता बोनसचे २० मिलियन त्याला लगेच मिळाले तरी कॅपवर ते चार वर्षांत सारखे पसरतात, वर्षाला ५ (नियमाने जास्तीत जास्त पाच वर्षांत पसरता येतात, त्याच्या पुढे नाही). म्हणजे कॅप हिट (त्या वर्षी त्याच्या नावावर कॅपमध्ये धरलेला खर्च) झाले ६.८, १५.२, १९ आणि २१. बेरीज करून बघ, बरोबर ६२ येते. एक डॉलर गायब होत नाही, हे डोक्यात ठेव कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये टीमला जागा हवी आहे. मग रिस्ट्रक्चर, म्हणजे १०.२ च्या बेसमधले ९ मिलियन बोनस म्हणून आत्ताच देऊन टाकायचे आणि ते उरलेल्या तीन वर्षांत पसरायचे, ३-३-३. त्या वर्षीचा हिट १५.२ वरून ९.२ वर आला, ६ मिलियन मोकळे झाले, प्लेयर खूश कारण पैसे आधी मिळाले, त्याची परवानगी पण बहुतेक वेळा लागत नाही कारण ते कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहिलेलं असतं. पण तिसऱ्या वर्षीचा हिट १९ चा २२ झाला आणि चौथ्याचा २१ चा २४. त्यातच जर चौथ्या वर्षानंतर दोन खोटी वर्षं जोडली, जी कोणी खेळणार नसतं, ती व्हॉइड इयर्स, तर ९ मिलियन पाचात पसरतात, १.८ प्रत्येकी, ह्या वर्षी आणखी जागा निघते. फक्त चौथं वर्ष संपून कॉन्ट्रॅक्ट व्हॉइड झालं की त्या दोन वर्षांचे ३.६ मिलियन एकदम पाचव्या वर्षाच्या कॅपवर येऊन पडतात आणि तोवर तो माणूस दुसऱ्या टीमच्या जर्सीत असतो.

आता खरी गंमत. रिस्ट्रक्चर केलं नसतं आणि दोन वर्षांनी त्याला कट केलं असतं तर बोनसचे राहिलेले १० मिलियन डेड मनी, १९ चा हिट गेला, १० आला, ९ वाचले. रिस्ट्रक्चर केल्यावर (व्हॉइड इयर्स बाजूला ठेव) तोच कट १६ मिलियनला पडतो, २२ चा हिट जातो आणि वाचतात फक्त ६. म्हणजे प्रत्येक रिस्ट्रक्चरने टीम त्या प्लेयरला स्वतःशी आणखी घट्ट बांधून घेते. तो २५ वर्षांचा आणि फॉर्मात असेल तर काहीच हरकत नाही, तसाही तू त्याला सोडणार नव्हतासच. तो ३१ चा असेल आणि गुडघा कुरकुरत असेल तर मात्र तू फसलास.

जून १ चं असं की कट १ जूनच्या नंतर धरला तर डेड मनी दोन वर्षांत तुटतो, ह्या वर्षाचा हप्ता ह्या वर्षी आणि बाकी सगळा पुढच्या वर्षी. दर टीमला दोन प्लेयर्स असे मार्चमध्येच सोडता येतात, नुसता 'पोस्ट जून १' असा शिक्का मारून. विल्सनचे ५३ आणि ३२ असेच झाले. पण लोक एक गोष्ट विसरतात, तो प्लेयर मार्चमध्ये गेला तरी त्याचा पूर्ण हिट जूनपर्यंत तुमच्या पुस्तकातच राहतो. फ्री एजन्सीचा (करार संपलेल्या प्लेयर्सना घेण्याचा) सगळा बाजार मार्चमध्ये उठतो आणि तुमची जागा येते जूनमध्ये.

थर्ड_अँड_लाँग

गणित बरोबर आहे पण मी ओंकारच्या मित्राच्या बाजूचा आहे. गॅप_स्पेस म्हणतात एक डॉलर गायब होत नाही, मान्य, पण डॉलर लहान होतो त्याचं काय? २०२२ मध्ये कॅप होती २०८.२ मिलियन, २०२५ मध्ये २७९.२. चाळीस मिलियनचा हिट २०२२ मध्ये १९ टक्के खायचा, तोच २०२५ मध्ये ढकलला तर १४ टक्के. नवे टीव्ही करार २०२३ पासून सुरू झालेत, अकरा वर्षांचे, शंभर अब्ज डॉलरच्या वर, आणि कॅप तर सगळ्या उत्पन्नातल्या प्लेयर्सच्या हिश्श्यावरूनच ठरते, म्हणजे ती वाढणारच. मग ज्याला पुढे ढकलता येतं तो आज का भरेल? मला तर वाटतं जी टीम ढकलत नाही ती आपल्याच प्लेयर्सचं नुकसान करते.

दुसरं उदाहरण बकेनीअर्स, म्हणजे बक्स. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीसाठी व्हॉइड इयर्स लावले, त्याने २०२० च्या सीझनचा सुपर बोल (लीगची फायनल) जिंकून दिला, तो रिटायर झाल्यावर २०२३ च्या कॅपवर त्याचे एकट्याचे ३५ मिलियन डेड. त्यांनी ते एका वर्षात गिळले, त्याच्या जागी बेकर मेफिल्डला एका वर्षासाठी ४ मिलियनच्या आसपास बेसवर आणलं आणि त्याच वर्षी डिव्हिजन (चार टीम्सचा गट) जिंकली. हे बघून पण कॅप खरी वाटते?

माझ्या मते खरी मर्यादा कॅशची आहे. रिस्ट्रक्चर म्हणजे मालकाने आज चेक फाडायचा, शिवाय पुढच्या वर्षांचे गॅरंटीड पैसे एस्क्रोमध्ये (वेगळ्या राखीव खात्यात) आधीच ठेवावे लागतात. ज्याचा मालक खिसा सैल सोडतो त्याला जागा सापडते, ज्याचा सोडत नाही तो 'कॅपमुळे जमलं नाही' म्हणतो.

मृण्मयी_बायू

थर्ड_अँड_लाँग, मी सेंट्सची फॅन आहे, जरा माझ्या टीमकडे बघा आणि मग सांगा कॅप खोटी आहे म्हणून.

२०१७ ते २०२० सलग चार वर्षं डिव्हिजन आम्ही जिंकली. आमचा क्यूबी (क्वार्टरबॅक) ड्रू ब्रीज शेवटच्या टप्प्यात होता, म्हणून जीएम लूमिस दरवर्षी सगळ्यांची डील्स पुढे ढकलायचे आणि टीम आणखी भरायचे. मी आजही म्हणते ते बरोबरच होतं, असा क्यूबी पुन्हा मिळणार नव्हता. मिनेसोटातला तो शेवटच्या सेकंदाचा टचडाऊन, मग रॅम्सविरुद्ध रेफरींनी न दिलेला तो पास इंटरफिअरन्सचा फाऊल, एखाददुसरी गोष्ट इकडची तिकडे झाली असती तर दुसरा सुपर बोल घरात असता आणि लोकांनी लूमिसना डोक्यावर घेतलं असतं.

पण मग २०२१ आलं. कोविडमुळे स्टेडियम रिकामी, कॅप १९८.२ वरून थेट १८२.५ वर आली. कॅप वाढतच जाणार ह्या हिशोबाने तुम्ही सगळं पुढे ढकललंय आणि नेमक्या त्याच वर्षी ती खाली येते! ब्रीजने जाता जाता स्वतःची २५ मिलियनची सॅलरी १ मिलियनवर आणून दिली होती, तरी त्याचे ११ मिलियन २०२१ वर आणि ११ च्या वर २०२२ वर उरलेच.

खरी चूक त्यानंतरची. क्यूबी गेला, तेव्हाच एक वर्ष वाईट काढून सगळं फेडून टाकायला हवं होतं, बक्सनी २०२३ मध्ये केलं तसं. आम्ही काय केलं, तर परत ढकललं. रिसीव्हर मायकल थॉमसचं घ्या. २०१९ ला ९६ मिलियनचं एक्स्टेंशन, त्याच सीझनला १४९ कॅचेस, लीगचा रेकॉर्ड, तेव्हा ते डील चुकीचं कोण म्हणेल. मग घोट्याची दुखापत, २०२० ते २०२२ तीन सीझन मिळून १० मॅचेस. आणि दरवर्षी मार्चमध्ये जागा हवी म्हणून त्याचंच डील रिस्ट्रक्चर, कारण मोठी बेस सॅलरी ज्याची तिथूनच जागा निघते. जो खेळत नाहीये त्याच्याशीच टीम आणखी घट्ट बांधली जात होती. गॅप_स्पेसनी वर १० चे १६ कसे होतात ते दाखवलं ना, ते पाच-सहा प्लेयर्सना लावा आणि चार वर्षं करा, म्हणजे सेंट्स.

२०२३ ला क्यूबी डेरेक कारला चार वर्षं १५० मिलियन दिले, मे २०२५ मध्ये तो खांद्यामुळे रिटायर. डिव्हिजन सगळी हाताशी असताना आम्ही ना नीट जिंकलो ना नीट हरलो, वरचे ड्राफ्ट पिक (कॉलेजमधले प्लेयर्स निवडण्याचे वरचे नंबर) पण मिळाले नाहीत. बक्सकडे ढकलण्याबदल्यात ट्रॉफी आहे, आमच्याकडे फक्त बिल.

माइलहाय_ओंकार

मृण्मयी ताई, हे वाचून खरंच वाईट वाटलं. पण म्हणजे ढकलणं हे मूळ दुखणं नाहीच ना, कोणाचं ढकललं आणि कधी थांबले ते आहे? मग फिलाडेल्फियाचे ईगल्स तर सगळ्यात जास्त व्हॉइड इयर्स वापरतात असं ऐकतो, त्यांचं का बिघडत नाही?

आणि अजून एक. विल्सनला २०२३ च्या शेवटच्या दोन मॅचेस बसवून ठेवलं होतं, प्लेऑफचा चान्स अजून पूर्ण गेला नव्हता तरी. तेव्हा कोच शॉन पेटनवर मी भयंकर चिडलो होतो. त्याचा पण कॉन्ट्रॅक्टशी संबंध होता म्हणतात, तो काय?

लाइनमन_६४

दुसऱ्याचं उत्तर मी देतो. विल्सनच्या डीलमध्ये २०२५ चे ३७ मिलियन तोवर फक्त दुखापतीपुरते गॅरंटीड होते, आणि मार्च २०२४ मध्ये लीग इयरच्या पाचव्या दिवशी तो रोस्टरवर (टीमच्या यादीत) असता तर पूर्ण गॅरंटीड झाले असते. म्हणजे शेवटच्या दोन मॅचेसमध्ये त्याचा गुडघा गेला असता, मार्चमध्ये फिजिकल पास झाला नसता, तर ते ३७ मिलियन टीमच्या गळ्यात. म्हणून बॅकअप क्यूबी स्टिडहमला खेळवलं. आणि २०२४ चे ३९ मिलियन आधीच पक्के होते, पिट्सबर्गने त्याला १.२१ मिलियनच्या मिनिममवर घेतलं आणि बाकी पावणेअडतीस मिलियनच्या आसपास डेनव्हरने भरले. डीलमध्ये ऑफसेट होता, दुसरी टीम जेवढे देईल तेवढे वजा, मग पिट्सबर्ग मिनिममपेक्षा जास्त कशाला देईल?

सगळे जीएमच्या खुर्चीत बसून बोलतायत म्हणून एक सांगतो. हेडलाइनमध्ये '४ वर्षं ६२ मिलियन' येतं तेव्हा मी आधी बघतो की सहीच्या दिवशी पूर्ण गॅरंटीड किती, आणि पुढची गॅरंटी कुठल्या तारखेला पक्की होते. गॅप_स्पेसच्या उदाहरणात चौथ्या वर्षाचे १६ मिलियन बहुतेक कधी दिलेच जाणार नाहीत, ते एजंटला मोठा आकडा दाखवायला असतात. पूर्ण गॅरंटीड डील मिळाली ती ब्राउन्सचा क्यूबी वॉटसनला, २३० मिलियन, आणि ब्राउन्सचं त्यापुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, पहिल्या तीन सीझनमध्ये मिळून १९ मॅचेस. त्यानंतर मालक लोक 'पूर्ण गॅरंटीड' शब्द काढला तरी दार लावतात, आणि त्याची किंमत बाकीचे प्लेयर्स मोजतात ज्यांचा त्यात काही दोष नाही.

ह्या सगळ्यात मरतो तो मधला माणूस. तीस वर्षांचा गार्ड, आठ सीझन झालेत, बेस ९ मिलियन, गॅरंटी काही नाही, बोनसचा हप्ता जवळपास संपलेला. त्याला कट केला की डेड मनी नाममात्र आणि जागा पूर्ण ९ ची. खेळ चांगला असला तरी मार्चमध्ये पहिला फोन त्यालाच जातो. मग तो मिनिममवर कुठेतरी सही करतो, आणि इथे एक चांगला नियम आहे, २०२५ मध्ये त्याचा मिनिमम १.२५५ मिलियन असला तरी एक वर्षाच्या डीलवर कॅपवर १.०३ च धरतात, म्हणजे दोन वर्षं खेळलेल्या पोराएवढाच. हा नियम नसता तर टीम्सनी अनुभवी माणसं घेणंच सोडलं असतं.

गॅप_स्पेस

लाइनमन, ऑफसेटचं चांगलं सांगितलंत, ते फार कमी लोक बघतात.

ओंकार, ईगल्सचं सांगतो. त्यांचे जीएम रोझमन व्हॉइड इयर्स भरपूर लावतात, पण बहुतेक वेळा पंचविशीच्या आसपासच्या प्लेयर्सना आणि लवकर. डेव्हॉन्टा स्मिथला २०२४ मध्ये, तीन सीझन झाले की नियमाने ज्या दिवसापासून बोलता येतं त्याच सुमारास. क्यूबी हर्ट्सला एप्रिल २०२३ मध्ये, पाच वर्षं २५५ मिलियन, तेव्हा लीगमधला सगळ्यात महागडा, आणि त्या पहिल्या वर्षी त्याचा कॅप हिट किती तर सहा मिलियनच्या थोडा वर. ते ऑप्शन बोनस वापरतात, म्हणजे दरवर्षी नवा बोनस आणि तो त्या वर्षापासून पुढे पसरायला सुरुवात होते, सगळा पहिल्या दिवशी नाही. म्हणून सुरुवातीचे हिट एवढे बारीक दिसतात. क्यूबी एवढा स्वस्तात बसला म्हणून २०२४ ला रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीला जवळपास ३८ मिलियन, तीन वर्षं, देता आले, त्याने २००५ यार्ड काढले आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये चीफ्सना ४०-२२ हरवलं. थर्ड_अँड_लाँग, हे तुमच्याच बाजूचं उदाहरण आहे हे कबूल, पण हर्ट्स आणि स्मिथ दोघं लागोपाठ दोन वर्षं जायबंदी झाले असते तर आज आपण फिलाडेल्फियाला सेंट्सच्या रांगेत बसवलं असतं. कॅश सगळ्याच श्रीमंत मालकांकडे असते, तब्येतीची खात्री कोणाकडेच नसते.

उलटं पण बघ. चीफ्सनी मार्च २०२२ मध्ये टायरीक हिलला ढकलाढकली करून ठेवता आलं असतं. नाही ठेवला, डॉल्फिन्सकडून पाच पिक घेतले, मायामीने त्याला चार वर्षांचे १२० मिलियन दिले, आणि चीफ्सनी पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे, ब्रॉन्कोज कसे पोचले. बो निक्स, तुमचा नवा क्यूबी. ड्राफ्टचा बारावा पिक, रुकी डील (नव्या प्लेयरचा पहिला करार), चार वर्षांचे मिळून १८.६ मिलियनच्या आसपास. २०११ च्या करारात रुकी स्केल आला तेव्हापासून लीगमधली सगळ्यात मोठी सूट हीच आहे. त्याआधी २०१० चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड, ७८ मिलियन, ५० गॅरंटीड, एकही स्नॅप न खेळता. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटन, तोही पहिला पिक, २२ मिलियन. विल्सनचे ५३ आणि निक्सचे तीन-चार एकत्र केले तरी तो एका महागड्या क्यूबीचा खर्च झाला, दोन क्यूबींचा नाही. म्हणून बाकीची टीम टिकली. हेच निक्सच्या जागी दुसरा ४० मिलियनचा क्यूबी आणला असता तर तुम्ही खरंच तीन वर्षं उठला नसता.

आणि तुला आवडेल असं एक. फोर्टीनाइनर्सकडे क्यूबी पर्डी होता, ड्राफ्टचा अगदी शेवटचा, २६२ वा पिक, २०२४ ला सॅलरी एक मिलियनपेक्षा कमी. मे २०२५ मध्ये त्याला पाच वर्षं २६५ मिलियन दिले, आणि ते देणं येतंय हे माहीत असल्यामुळे मार्चमध्येच डिफेन्समधली माणसं एकेक करून सोडली. त्यातले ग्रीनलॉ आणि हुफांगा कुठे गेले? डेनव्हरला, त्याच वर्षी ज्या वर्षी विल्सनचे ३२ मिलियन तुमच्या कॅपवर होते.

थर्ड_अँड_लाँग

कबूल, खेळाडू चुकला तर ढकलणं अंगाशी येतं. तरी २०२१ सारखं कॅप खाली येणारं वर्ष सोडलं तर ढकलणाराच पुढे राहतो ह्या मतावर मी ठाम आहे. आणि ज्यांना वाटतं लीग हे गंभीरपणे घेत नाही त्यांच्यासाठी, २०१० मध्ये कॅप नव्हतीच तरी त्या वर्षात पगार कोंबले म्हणून २०१२ मध्ये वॉशिंग्टनची ३६ आणि डॅलसची १० मिलियनची कॅप काढून घेतली होती. म्हणजे मालक मंडळी तरी ती खरी मानतात.

मृण्मयी_बायू

ओंकार, एक विनंती, निक्सच्या स्वस्तातल्या वर्षांत टीमने मोठी डील्स केली की त्यात प्लेयरचं वय आणि गॅरंटी कुठल्या वर्षापर्यंत आहे एवढं बघत जा. आमच्याकडे हे कोणी बघत नव्हतं, जिंकत होतो ना.

माइलहाय_ओंकार

सगळ्यांचे मनापासून आभार, मित्राला हा अख्खा धागा पाठवतोय. म्हणजे आमच्यासाठी खरी मुदत डेड मनीची नाहीच, तो २०२५ बरोबर संपतो, मुदत निक्सची आहे. २०२६ चा सीझन संपला की त्याच्याशी एक्स्टेंशनचं बोलता येईल आणि पाचव्या वर्षाचा ऑप्शन (रुकी डील एक वर्ष वाढवण्याचा टीमचा हक्क) मे २०२७ पर्यंत ठरवावा लागेल, बरोबर ना? मग एक्स्टेंशन ईगल्ससारखं लगेच करायचं की ऑप्शन घेऊन एक वर्ष थांबायचं? गॅप_स्पेस, तुम्ही असता तर काय केलं असतं?

गॅप_स्पेस

तारखा बरोबर. तोवर तो आत्तासारखाच खेळत असेल तर मी त्याच मार्चमध्ये करेन, थांबण्याची किंमत डॅलसचा क्यूबी प्रेस्कॉट बघ, त्यांनी २०२० ला टॅग (एका वर्षापुरतं रोखून ठेवणं) लावून वेळ काढला, त्याचा घोटा मोडला तरी २०२१ ला १६० मिलियन द्यावेच लागले आणि २०२४ ला वर्षाला ६० मिलियन. खात्री नसेल तर मात्र ऑप्शन घ्यावा आणि एक सीझन बघावं, एका वर्षाचा जास्तीचा हिट परवडतो, दुसरा विल्सन नाही परवडत.